दोन जहाजं, एक खुंट

"धाकट्या वहिनी, उद्या चौकशीत त्याला जास्त खरं बोलू देऊ नका," जहाजांच्या धक्क्यावरचा मुकादम दारात उभ्या उभ्याच म्हणाला होता. चपला त्याने काढल्या नव्हत्या, म्हणजे आत यायचं नव्हतं. पण चौकटीवरचा हातही निघत नव्हता, म्हणजे जायचंही नव्हतं. माझ्या कडेवर ठकी होती, तिच्या तोंडात माझ्या केसांची बट. 'जास्त खरं' हे ऐकून त्या तसल्या दिवसांतही मला हसू आलं. हसू म्हणजे, हसण्याच्या जागी तेव्हा जे काही उरलं होतं ते. खरं ते खरं. त्यात कमी आणि जास्त काय? तर्कशास्त्र घेऊन मी पदवी मिळवली होती, आणि विधान एकतर सत्य असतं नाहीतर असत्य, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. "तो कधी खोटं बोलत नाही, मुकादम," मी म्हणाले, जरा ताठ मानेनंच. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, मग ठकीकडे पाहिलं. "खोटं कोण बोला म्हणतोय? गेलेल्या माणसाकडून चूक होत नसते, एवढंच. धक्क्यावर तसं असतं." एवढं बोलून तो जिना उतरला. तो खाली पोचेपर्यंत मी त्याचं बोलणं झटकून टाकलं होतं. हे त्यांचं काहीतरी, म्हटलं. अडाणी भाबडेपणा म्हटलं. आणि नवऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा शर्ट इस्त्री करायला घेतला.

आज ते पुन्हा आठवायला कारण झालं एक कपाट. आता आम्ही राहतो त्या गल्लीत, समुद्रापासून एवढ्या लांब की इथल्या पोरांना जहाज फक्त चित्रातलं माहीत, कुणीतरी नवीन बिऱ्हाड येत होतं. कपाट जिन्यातून जाईना म्हणून गच्चीवर कप्पी लावून त्यांनी ते दोराने वर घ्यायला सुरुवात केली होती. मी ठकीला बालवाडीतून घेऊन परत येत होते. ती माझा हात सोडून पुढे, पाण्याची बाटली फरशीवरून खडखडवत. वरून कुणीतरी ओरडलं, "हां, आस्ते!" आणि दोर ताणला गेला. कपाटाने जमीन सोडली, ते हळूच फिरलं, त्याच्या आरशात सगळी गल्ली एकदा वाकडी होऊन गेली. लोकांना ते कपाट दिसत होतं. मला कपाट दिसलंच नाही. मला दोर दिसला. कप्पीपासून खाली उभ्या असलेल्या ओढणाऱ्या माणसाच्या मुठीपर्यंतची ती सरळ रेघ, आणि त्या रेघेच्या टप्प्यात चाललेली माझी मुलगी. मी धावले कधी ते कळलं नाही. तिचं मनगट धरलं आणि ओढलं, दोन्ही पाय अधांतरी होतील असं ओढलं. माझ्या मुठीला तिच्या कोपरात काहीतरी जाणवलं, ओल्या शेंगेचा दाणा निसटावा तसं. दोर तुटला नाही. कपाट शांतपणे वर गेलं. "बाई, कपाट आहे, बॉम्ब नाही," खिडकीतून एक जण म्हणाला, आणि चार माणसं हसली. मीही हसले. ठकीचा हात मात्र तिच्या फ्रॉकशेजारी लोंबत राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

दवाखान्यात ती माझ्या मांडीवर बसली होती आणि रडत नव्हती, याचीच मला भीती वाटत होती. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी तिला बिस्किट देऊ केलं. तिने चांगला हात पुढे केला, दुखरा हलवलाही नाही. मी तिच्या केसांचा वास घेत बसले. घामाचा आणि खडूचा वास. एके काळी याच केसांना तेल आणि लोखंडाचा वास यायचा, कारण कामावरून आल्या आल्या मोठे दीर हात धुवायच्या आधी हिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि जाऊबाई ओरडायच्या, "अहो, पोरगी आहे, खुंट नाही!" ते म्हणायचे, "खुंटच आहे. माझं जहाज हिला बांधलंय." ठकी हे नावही त्यांचंच. जन्मली तेव्हा अशी बघत होती म्हणे, जशी लाकडाची ठकी बघते, सगळं कळूनही काही न बोलता.

धक्क्यावर त्यांना सगळे आस्तेदादा म्हणायचे. आलेली जहाजं धक्क्याला दोराने बांधणाऱ्या टोळीत ते आणि माझा नवरा, दोघे भाऊ, एकाच खुंटावर. जहाज धक्क्याजवळ आलं की वरून एक बारीक दोरी भिरकावतात, तिच्या टोकाला मुठीएवढा जड गोळा. ती दोरी झेलायची, ओढायची, ओढत राहायची, आणि तिच्यामागून पाण्यातून निथळत खरा दोर येतो, माणसाच्या दंडाएवढा, टोकाला मोठा फास. तो फास खांद्यावर घेऊन लोखंडी खुंटात टाकायचा. मग जहाजावरचं यंत्र दोर गुंडाळू लागतं आणि एवढं मोठं धूड माणसाळून धक्क्याला टेकतं. यंत्रवाला घाई करायचा तेव्हा मोठे दीर खालून ओरडायचे, "आस्ते, आस्ते, सासरी चाललीय ती!" म्हणून आस्तेदादा. माझा नवरा म्हणजे धाकटा. आईवडील गेल्यावर तो शाळेत असतानाच भावाच्या घरी आला, म्हणजे खरं तर वहिनीच्या घरी. तिनेच त्याला वाढवला, मारला, पास केला. लग्न होऊन मी आले तेव्हा मला सासू नव्हती आणि तरी होती, फक्त तिला 'अहो जाऊबाई' म्हणायचं आणि तिने खांद्यावर चापट मारून म्हणायचं, "जा गं, म्हातारी करतेस." त्यांना मूल नव्हतं. दोन घरांच्या मध्ये एक भिंत होती, आणि ठकी रांगायला लागल्यापासून ती भिंत फक्त सामान टेकवायला होती. सकाळी ती त्यांच्याकडे दूध प्यायची, दुपारी त्यांच्याच कुशीत झोपायची, आणि संध्याकाळी मी तिला आणायला गेले की माझ्याकडे असं बघायची, जसं पाहुण्याकडे बघतात. मी मत्सर केला नाही असं नाही. आई झालेल्या बाईला कुठे किती मोकळं सोडायचं हे कुणी शिकवत नाही. पण जाऊबाईंना ती 'मोठाई' म्हणायची, आणि त्या शब्दात एवढी ऊब होती की मलाही त्यात शिरावंसं वाटायचं.

त्या घरात एक बोलण्याची रीत होती, जी मला सुरुवातीला फार गमतीची वाटली. कप फुटला, दूध उतू गेलं, रेडिओ बिघडला, की कुणीतरी पटकन म्हणायचं, "माझ्याकडून झालं." ज्याच्याकडून झालं तो नव्हे, जो जवळ असेल तो. एकदा मोठ्या दिरांचा चष्मा माझ्याच पायाखाली आला. मी अजून खाली बघतेय तोवर जाऊबाई स्वयंपाकघरातून, "माझ्याकडून झालं हो, मीच तिथं ठेवला होता." ठेवला नव्हता. मी म्हटलं, "अहो, पण माझा पाय..." "बरं बरं, कॉलेजवाल्या बाई," मोठे दीर म्हणाले, "पाय तुझा, चूक हिची, चष्मा माझा. झालं की नाही सगळ्यांचं?" मी तेव्हा हसले. तर्काच्या दृष्टीने ते घर म्हणजे वेड्यांचा बाजार होता. कुणाला शिक्षा व्हायची नाही, कारण चूक ज्याची असेल त्याच्याजवळ ती कधी पोचायचीच नाही. वाटेतच कुणीतरी उचलून घ्यायचं.

आणि खुंट. खुंटाची गोष्ट मोठ्या दिरांनी मला ठकीच्या केसांच्या रबरांनी समजावली होती. मीच विचारलं होतं, की खुंट कमी आणि जहाजं जास्त असली तर काय करता. ते खूश झाले. तेलाची बाटली मधोमध ठेवली, तिच्या मानेत एक लाल रबर अडकवलं. "हे पहिलं जहाज. आता दुसरं आलं, त्यालाही हाच खुंट. कसा टाकशील फास?" मी पिवळं रबर घेतलं आणि लालच्या वर टाकलं. "गेली!" ते म्हणाले, "नापास. आता लाल जहाजाला आधी निघायचंय. ते खाली अडकलं. पिवळ्याला ढिलं करा, उचला, मग लाल काढा, मग पिवळं पुन्हा घाला. तोवर पिवळं जहाज काय गप्प बसतंय? पाणी हलतंय, वारा आहे." मग त्यांनी पिवळं रबर खालून लालच्या पोटातून वर काढलं आणि मग बाटलीवरून घातलं. "आता बघ. ज्याला आधी जायचं त्याने जावं. दुसऱ्याला धक्का न लावता." मी करून बघितलं, चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. ठकी बाटलीच घेऊन पळाली. "अगं, ही काय परीक्षा आहे?" जाऊबाई म्हणाल्या, "जेवायला चला." मोठे दीर म्हणाले, "परीक्षाच आहे. धक्क्यावर दुसरी परीक्षाच नाही." ते खरं होतं. दोर खांद्यावर कुणीही घेतो. पण दुसऱ्याच्या फासातून आपला फास वर काढून घालणं ही तिथली अक्कल, तिथला शिष्टाचार, आणि त्यात आस्तेदादांची चूक कुणी पाहिली नव्हती. नवीन माणूस चुकला की मुकादम म्हणायचा, "आस्त्याकडे जा आणि आठ दिवस नुसता बघ."

त्या दिवशी खुंटावर दोन जहाजं होती आणि दुसऱ्याचा फास पहिल्याच्या वर टाकलेला होता. नुसता वर. पिवळं रबर.

दुपारी पहिल्या जहाजाला निघायचं होतं तेव्हा ते लक्षात आलं. दुसऱ्या जहाजाला सांगून त्याचा दोर ढिला करून घेतला. मोठे दीर वाकले, वरचा फास उचलून खालचा काढायला. त्याच वेळी बाहेरून जहाजं ओढणारी एक टगबोट जोरात गेली, तिच्या लाटेने दुसरं जहाज धक्क्यापासून हललं आणि ढिला दोर ताठ झाला. जुने दोर तुटायच्या आधी कुरकुरायचे म्हणे, धागा धागा तक्रार करायचे. आताचे काही बोलत नाहीत. नुसते बारीक होतात, आणि तुटले की चाबकासारखे परत येतात. माझा नवरा दोन हातांवर होता. त्याने आवाज ऐकला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. जहाज जागच्या जागी, दोर पाण्यात, आणि खुंटापाशी कुणी उभं नव्हतं. हे मला त्याने सांगितलं नाही. हे मी त्याच्या झोपेतून, त्याच्या न जेवण्यातून, मुकादमाच्या तुकड्यातुकड्यांतून गोळा केलं. मला सवय आहे बघत राहायची. मूल झाल्यापासून तर जास्तच. मी खोलीत शिरले की आधी कोपरे बघते, टोकं बघते, कुठून काय पडेल ते बघते. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांना सगळीकडे रेघा दिसतात. वाळत घातलेल्या कपड्यांची तार. रस्त्यावरच्या फलकाची दोरी. कुणी गाडीला गाडी बांधून ओढत नेत असलं तर मी दुकानात शिरते.

चौकशी तीन टेबलं जोडलेल्या एका खोलीत झाली. मी बाहेर व्हरांड्यात होते, दार अर्धवट उघडं. टोळीतली माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि जाऊबाई एका खुर्चीवर, हात मांडीवर पालथे. अधिकाऱ्याने विचारलं, दुसऱ्या जहाजाचा फास सकाळी खुंटात कुणी टाकला होता?  मुकादमाने मान खाली घातली. आणि माझा नवरा म्हणाला, "दादाने." एवढंच. खरं तेच होतं. त्याला 'माझ्याकडून झालं' म्हणता आलं असतं. त्याला कुणी फासावर देणार नव्हतं, थोडे दिवस घरी बसवलं असतं, मग मुकादमाने पुन्हा बोलावलं असतं, आणि पुढच्या वर्षी कुणाला आठवलंही नसतं. मुकादमाने स्वतः एकदा असंच एका गेलेल्या माणसाचं अंगावर घेतलं होतं. त्या गेलेल्याची मुलं आजही मान वर करून बापाचा फोटो धक्क्यावरच्या चहावाल्याला दाखवतात. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला नवऱ्याचा अभिमान वाटला. एवढ्या दुःखातही तो डगमगला नाही, असं वाटलं. मी जाऊबाईंकडे बघितलं, की त्यांनाही तसंच वाटत असेल. त्यांनी मांडीवरचे हात फक्त उलटे केले, तळवे वर, आणि तळव्यांकडे बघत राहिल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी नवरा त्यांच्याकडे गेला. मी मागोमाग. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या भाऊजी. बसा. पाणी घेणार?" मी नवऱ्याचा चेहरा बघितला. ज्या बाईने त्याला नाक पुसायला शिकवलं, जी आयुष्यभर त्याला 'अरे गाढवा' शिवाय हाक मारत नव्हती, ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. आरडाओरडा केला असता, ताट फेकलं असतं, तर तो पायावर पडला असता. 'तुम्ही'च्या पुढे काय करायचं? तो बसला. पाणी प्यायला. पेला खाली ठेवला तेव्हा तो कलंडून फरशीवर वाजला, आणि त्या म्हणाल्या, "राहू द्या, मी उचलते." नंतर तो रोज जायचा आणि रोज त्या त्याला बसा म्हणायच्या. ठकीशी तेवढ्या पूर्वीसारख्या होत्या; नाही, पूर्वीसारख्या नव्हत्या, तिला मांडीवर घेऊन तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायच्या. धक्क्यावर तर कुणी काही बोललंच नाही. त्याच्या हातात दोर दिला जायचा, पण जोडीला कुणी उभं राहायचं नाही; प्रत्येकाला दुसऱ्या खुंटावर काम निघायचं. शेवटी त्यानेच सोडलं. इथे, या गोदामात, नोकरी धरली. इथे सगळं खोक्यांत असतं आणि जागच्या जागी राहतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ठकीचे कपडे आणायला त्यांच्याकडे गेले होते. फ्रॉक, मोजे, एक मफलर, सगळं त्यांच्याच कपाटात. त्या घड्या घालत होत्या. मी म्हटलं, "जाऊबाई, तो खोटं नाही हो बोलला." त्यांच्या हातातली घडी थांबली नाही. "मला काय माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडूनच झालं असणार. लक्ष कुठं होतं त्यांचं शेवटी शेवटी? या पोरीत. पण अगं, धाकटा माझ्याकडून झालं असं म्हणाला असता, तर काय गेलं असतं त्याचं? तो आहे ना. तो उद्या जहाज बांधील, परवा बांधील, नीट बांधील, लोक म्हणतील चुकला होता पण सुधारला. ह्यांना मी आता दुसरं जहाज कुठून आणू?"   तर्कशास्त्रात मेलेल्या माणसाचं विधान आणि जिवंत माणसाचं विधान यांत फरक नसतो. त्यांनी मफलर सगळ्यांत वर ठेवला, पिशवीचे बंद बांधले आणि म्हणाल्या, "आता येऊ नका गं. हिला घेऊन तर नकोच. ही आली की मला वाटतं तेही येतील, पाठोपाठ." ठकी तेव्हा त्यांच्या पलंगाखाली लपली होती. तिला बाहेर काढायला आम्हा दोघींना वाकावं लागलं, एकीने एक हात धरला, दुसरीने दुसरा. आम्ही दोघींनी एकाच वेळी सोडला.

"कोण आहे ठकी?" आतून हाक आली. डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, टेबलावर अर्धवट खाल्लेलं केळं. तिने ठकीचा हात बघितला, बोटं बघितली, खांदा दाबला, आणि हात तसाच सोडून माझ्याकडे वळली. "कुणी ओढलं का हिला? हाताला धरून?" साधा प्रश्न. ओरडून नव्हे, नुसता विचारलेला. मी तोंड उघडलं, 'मी' म्हणायला केवढासा वेळ लागतो, आणि त्याच्याही आधी माझ्या मांडीवरून आवाज आला, "माझ्याकडून झालं."

डॉक्टर हसली. "तुझ्याकडून? स्वतःच स्वतःला ओढलंस?" "हो," ठकी म्हणाली. "आईकडून नाही झालं. माझ्याकडून झालं." ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती डॉक्टरकडे बघत होती, सरळ, मुकादमाने दुसऱ्याचं अंगावर घेताना बघितलं असेल तसं. तिला आठवत असणं शक्य नाही. ती केवढी होती तेव्हा? पण शब्द आठवावे लागत नाहीत बहुतेक. ते ज्या मांडीवर ऐकले त्या मांडीसकट अंगात राहतात. मी म्हटलं, "नाही डॉक्टर, मी. मीच ओढलं." आणि ठकीने चांगल्या हाताने माझं तोंड दाबलं. तिच्या हाताला बिस्किटाचा वास होता. मला हुंदका आला तो तिच्या तळव्यात. मला दिसलं, की मी एवढी शिकलेली, एवढी जपणारी, माझ्याजवळ हिला द्यायला हे नव्हतंच. हे तिला ज्या घरातून मिळालं त्या घराच्या दाराला आम्ही आतून कडी घालायला लावली. एक शब्द उचलून घ्यायचा होता. तेवढाच मागितला होता, तोही तोंडाने नाही मागितला. आणि आम्ही खरं बोललो.

"रडू नका हो, एवढं काही नाही," डॉक्टर म्हणाली. "लहान मुलांचं होतं असं, घाबरून ओढलं की." तिने ठकीचं कोपर एका हातात घेतलं, मनगट दुसऱ्या हाताने वळवलं, आणि पुन्हा तो दाण्यासारखा आवाज आला, उलट्या दिशेने. ठकी किंचाळली. मग थांबली. मग, काही क्षण संशयाने बघून, तो हात उचलून तिने केळ्याकडे नेला. "बसलं," डॉक्टर म्हणाली. "पण लक्षात ठेवा, एकदा निसटलेलं पुन्हा लवकर निसटतं."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी सगळं सांगितलं. कपाट, दोर, हात. तो ठकीचा हात वाकवून वाकवून बघत होता. "मग डॉक्टरनं विचारलं कुणी ओढलं, तर ही म्हणाली, माझ्याकडून झालं." त्याचा हात थांबला. "काय म्हणाली?" मी पुन्हा सांगितलं. "कुणी शिकवलं हिला?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. त्याने तिचा हात अलगद खाली ठेवला. मग म्हणाला, "सकाळी, तो फास टाकताना, दादा हिची नक्कल करत होता. ही 'जहाज' म्हणते ना, 'जजाज', तशी. फास खांद्यावर, आणि 'जजाज आलं, जजाज आलं' करत नाचत होता. मी हसत होतो. एवढा हसत होतो की मीही बघितलं नाही, फास कसा पडला ते." मी म्हटलं, "हे तू चौकशीत सांगितलं नाहीस." "त्यांनी फक्त कुणी टाकला एवढंच विचारलं," तो म्हणाला. मुकादम, तुम्ही 'जास्त खरं' म्हणालात ते चुकीचं होतं. तो बोलला ते फार कमी खरं होतं. दोघे भाऊ हसत होते, दोघांकडून झालं. हे सांगितलं असतं, तर त्याच्या जवळ कुणीतरी उभं राहिलं असतं. तो एकटा राहिला नसता, आणि जाऊबाई एकट्या राहिल्या नसत्या.

त्याने जाऊबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गेले काही दिवस असंच आहे. आधी निदान उचलायच्या, "हो, बरी आहे. हो, जेवले. ठेवते," असं एका दमात बोलून ठेवायच्या, आणि मागे रेडिओ चालू असायचा. शेवटी बोलल्या तेव्हा रेडिओ नव्हता. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, खिडकीत दिवा दिसतो. दिवा काय, कुणीही विसरून ठेवतं. नवरा म्हणतो, मी जातो. पण तो गेला की त्या म्हणणार, या भाऊजी, बसा. आणि पुन्हा तो पेला. मी गेले तर मागे ठकी दिसेल, नसली तरी दिसेल. आम्ही जाऊच. उद्या परवा, हिला कुणाकडे तरी ठेवून, त्या दार लावतील तरी जाऊ. पण मधले दिवस आहेत, आणि आम्ही लांब आहोत, आणि हे वाचणारं कुणीतरी त्या धक्क्याजवळ राहत असेल.

तुम्ही राहत असाल तर जा. धक्क्याच्या मागची वसाहत, शेवटचा जिना, दुसरा मजला. शेजारच्या दाराला कुलूप आहे ते आमचं होतं. पहिल्या टकटकीला त्या उघडणार नाहीत, पुन्हा वाजवा. कुणी पाठवलं विचारतील. काहीही सांगा, पत्ता चुकलो म्हणा, तुमच्याकडून झालं म्हणा. बसा म्हणाल्या तर बसा, नाही म्हणाल्या तरी बसा. जेवलात का विचाराल तर त्या हो म्हणतील. त्यांच्या 'हो'वर जाऊ नका. पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जा, आणि भांडी ओली आहेत का तेवढं हात लावून बघा.